एमजीबीत व्ही-८ बसवण्याआधी

रेडिंग,
८ मार्च

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. १९७८ची एमजीबी जीटी (एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स गाडी), पत्रा ठणठणीत, चार सिलिंडरचं १८०० सीसी इंजिन मात्र धूर सोडतंय, आणि आता तिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं तुझं पक्कं झालंय. जरूर बसव. फक्त पत्रात तू तीन ठिकाणी "कापावं लागेल" असं लिहिलं आहेस, आतल्या मडगार्डाबद्दल, टनेलबद्दल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) आणि बोनेटबद्दल, त्यावर आधी बोलतो. ग्राइंडर तूर्त कपाटातच राहू दे.

ॲबिंग्डनच्या कारखान्यानेच १९७३ ते १९७६ या काळात एमजीबी जीटी व्ही-८ बनवली होती. एकूण २५९१ गाड्या निघाल्या. १९७४च्या शरद ऋतूत रबरी बंपर आले, तेव्हा चार सिलिंडरच्या गाड्यांनाही पुढची बॉडी व्ही-८चीच दिली गेली. आतले मडगार्ड इंजिनाच्या रुंदीला जागा देतील असेच दाबलेले आहेत. दोन वर्षांनी रेडिएटरही पुढे सरकवला. तुझी गाडी त्यानंतरची, म्हणजे जागा कारखान्याने आधीच करून ठेवली आहे. त्याआधीच्या क्रोम बंपरवाल्यांना जो हातोडा मारावा लागतो, तो तुला नाही.

न कापण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते कागदोपत्री आहे. डीव्हीएलएच्या, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याच्या, २०२५ पर्यंतच्या गुणपद्धतीत गाडीची ओळख टिकायला ८ गुण लागत. मूळ, फेरफार न केलेल्या मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेल्या) बॉडीचे ५, आणि सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांचे प्रत्येकी २. इंजिनाचा फक्त १. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स बदलला तरी गाडी सुरक्षित असायची. बॉडी कापली तर सगळं गणित फिरायचं आणि 'क्यू' नंबर (मूळ ओळख न टिकलेल्या गाडीला मिळणारा) मागे लागू शकायचा. आताचा नियम डीव्हीएलएकडून समजून घे. व्ही५सीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) इंजिन नंबर आणि सीसी बदलून घे, त्यासाठी इंजिनाची पावती जपून ठेव. विमा कंपनीला गाडी रस्त्यावर आणण्याआधी कळव.

आता इंजिन. ४.६ लिटरच्या इंजिनाचा मोह सोड असं मी आग्रहाने सांगतो. रोव्हरच्या या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर (सिलिंडरची आतली नळकांडी) असतात. साडेतीनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिमी, तर ३.९ आणि ४.६ दोन्हींचा ९४ मिमी. बोअर वाढला तशी लायनरमागची भिंत पातळ झाली. असं इंजिन एकदा जरी चांगलं तापलं, तरी त्या भिंतीला तडा जाऊ शकतो, मग लायनर हलायला लागतो आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. बाहेरून काही दिसत नाही, कूलंट मात्र कमी होत राहतं. साडेतीनमध्ये हा त्रास फार कमी. कारखान्याच्या जीटीमध्ये हेच इंजिन १३७ अश्वशक्ती देत होतं आणि १९३ फूट-पौंड टॉर्क, तोही मिनिटाला २९०० फेऱ्यांना. एवढ्या हलक्या गाडीला ते भरपूर आहे. शिवाय हे इंजिन तुझ्या लोखंडी चार सिलिंडरपेक्षा किंचित हलकंच आहे, त्यामुळे गाडीचं नाक जड होत नाही.

विकत घेताना रॉकर कव्हर काढायला लाव. कव्हरखाली काळा चिखल साचला असेल तर परत फीर. नाहीतर क्रँक हाताने फिरव आणि प्रत्येक पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी काडी) किती उचलला जातो ते डायल गेजने माप. एखादा जरी इतरांपेक्षा ठळक कमी उचलला गेला, तर कॅमशाफ्टचा तो लोब (उंचवटा) झिजलाय. या इंजिनात कॅमच आधी जातो. कॅम बदललास तर सोळाही टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधले ठोकळे) नवे घाल, जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीही ठेवू नकोस. मग हेड आणि पाण्याची तोंडं बघ. मागच्या मालकाने नुसतं पाणी घालून गाडी चालवली असेल, तर ॲल्युमिनियम पाण्याच्या मार्गाभोवती खाल्लेलं दिसेल.

आटे जाणं हा या इंजिनाचा दुसरा स्वभाव. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचे आटे. हाताच्या अंदाजाने आवळायची सवय १८०० वर चालून गेली असेल, इथे चालणार नाही. टॉर्क रेंच वापर, बोल्ट आणि भोक दोन्ही कोरडे-स्वच्छ कर. भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिलं, तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच फुटतो. जिथे आटे ढिले वाटतील तिथे हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) आताच बसव, इंजिन गाडीत गेल्यावर हात पोहोचणार नाही.

दोन हेडांच्या मधल्या खोबणीवर, म्हणजे इनलेट मॅनिफोल्डखाली, पत्र्याचं एकच मोठं पॅकिंग असतं. त्याच्या चार कोपऱ्यांत पाण्याच्या वाटा आहेत. तिथे दोन्ही बाजूंना सीलंटचा पातळ थर लाव आणि पुढच्या-मागच्या रबरी पट्ट्या नीट बसल्यात का ते बोट फिरवून बघ. तिथून पाणी गळलं, तर ते थेट चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) तेलात जातं.

मॅनिफोल्डचं एक सांगतो, कारण त्यावर बोनेट अवलंबून आहे. एसडी-१ (रोव्हरची व्ही-८ची मोठी गाडी) चं मूळ इनलेट कार्ब्युरेटरसकट तुझ्या बोनेटखाली मावत नाही. म्हणूनच कारखान्याने जीटीत दोन एसयू कार्ब्युरेटर मागच्या बाजूला, वेगळ्या मॅनिफोल्डवर बसवले होते. ते भाग मिळाले तर उत्तम. नाहीतर एडलब्रॉक परफॉर्मर मॅनिफोल्ड आणि ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवा घेणारा) चार तोंडी कार्ब्युरेटर, वर अगदी बुटका एअर फिल्टर. जागा किती उरते हे नजरेने कळत नाही. फिल्टरच्या झाकणावर चार ठिकाणी कणकेचे गोळे ठेव, वर प्लास्टिकचा कागद टाक, बोनेट हळू बंद कर आणि उघड. दाबल्या गेलेल्या कणकेची जाडी म्हणजे तुझी मोकळी जागा. ८ मिमीच्या खाली आली तर समाधान मानू नकोस, इंजिन रबरावर डुलतं.

हेच डुलणं एक्झॉस्टच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं. ॲक्सिलरेटर दाबला की ड्रायव्हरच्या सीटवरून बघताना इंजिनाची डावी बाजू वर उठते आणि उजवी खाली दबते. आपल्याकडे, म्हणजे इंग्लंडात, स्टिअरिंगचा दांडा नेमका उजव्या बाजूने जातो. त्यामुळे उभ्या गाडीत एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगच्या जॉइंटमध्ये बोटभर फट दिसली तरी निर्धास्त होऊ नकोस. पहारीने इंजिनाची उजवी बाजू खाली रेट, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, आणि तेव्हाही १० मिमी उरतात का ते बघ. नवे माउंटिंग रबर घाल, जुने तेलाने फुगलेले असतात.

मडगार्डातून बाहेर निघणारे एक्झॉस्ट पाइप थंड राहतात हे खरं, १९९०च्या दशकातल्या एमजीच्या आरव्ही-८ मध्ये तेच होते. पण त्यासाठी आतल्या मडगार्डला भोक पाडावं लागतं, आणि तुझं तिथेच अडतं. ब्लॉकला चिकटून खाली जाणारे पाइप घे, त्यांना सिरॅमिकचा थर देऊन घे, आणि स्टार्टर, ब्रेकच्या नळ्या व स्टिअरिंगचा जॉइंट यांच्यासमोर पत्र्याची ढाल लाव. स्टार्टर लहान, गिअर रिडक्शनचा घे. तापलेली गाडी पेट्रोल भरायला थांबवली की जुना मोठा स्टार्टर हमखास अडतो.

गिअरबॉक्स एसडी-१ चा पाच गिअरचा एलटी-७७. टनेलमध्ये बेलहाउसिंगजवळ (क्लचवरच्या आवरणाजवळ) थोडी थापटणी लागेल, पण ती हातोड्याची, कटरची नाही. जुन्या बॉक्सचा आधाराचा आडवा तुकडा जुळणार नाही, तयार तुकडा मिळतो. क्रँकच्या मागच्या टोकातला स्पिगॉट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारी कडी) विसरू नकोस. आधीचा बॉक्स ऑटोमॅटिक असेल तर बुश नसतोच, आणि तो नसताना जोडणी केली तर इनपुट शाफ्ट डगमगतो आणि क्लच नीट सुटत नाही. प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून घ्यावा लागेल. गाडी चाकांवर उभी असताना, वजन मागच्या ॲक्सलवर असताना, फ्लँज ते फ्लँज माप घे. घोडीवर असताना घेतलेलं माप चुकतं. शाफ्ट बॅलन्स केल्याशिवाय घेऊ नकोस.

ॲक्सलचा गुणक आज ३.९ आहे. तोच ठेवलास तर पाचव्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३१०० फेरे घेईल. कारखान्याच्या व्ही-८ ला ३.०७ होता, तो लावलास तर तेच २४०० वर येतील. पहिला गिअर लांब होतो, पण या इंजिनाला ते जाणवत नाही. ३.९ ठेवून चाकं नुसती जागच्या जागी फिरवत बसशील. तारांची चाकं असतील तर काढ, कारखान्यानेही व्ही-८ ला ती दिली नव्हती. पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर हवेतच. ते इंजिनासोबतच बसव, नंतरसाठी ठेवू नकोस.

वायरिंगमध्ये दोन खोडी आहेत. रबरी बंपरच्या गाडीत कॉइलकडे जाणारी तार मुळातच अवरोधाची असते, ती कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट पोहोचू देत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्या तारेवर जोडलंस तर गाडी सुरू होईल आणि रस्त्यात धडपडेल. फ्यूजबॉक्सपासून रिलेमार्गे नवी तार घे. दुसरी खोड टॅकोमीटरची. तो चार सिलिंडरसाठी आहे, म्हणून व्ही-८ वर दुप्पट आकडा दाखवेल. तो आतून बदलून घ्यावा लागतो.

प्लगच्या तारांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम सिलिंडर डावीकडे, सम उजवीकडे, दोन्ही पुढून मागे. यात ५ आणि ७ शेजारी-शेजारी आहेत आणि एकापाठोपाठ पेटतात. त्यांच्या तारा एकत्र बांधल्या तर एकीतला प्रवाह दुसरीत उमटतो आणि सातवा वेळेआधीच पेटतो. या दोन तारा क्लिपने मुद्दाम लांब ठेव.

इंजिन-गिअरबॉक्स जोडूनच आत सोड. एकूण वजन सव्वादोनशे ते अडीचशे किलो, तेव्हा एक टनाची क्रेन आणि कल बदलता येणारा बॅलन्सर भाड्याने घे. बोनेट आणि रेडिएटर काढलेले हवेत.

आता सर्वात नाजूक क्षण. पहिल्यांदा सुरू करताना तेलाचा पंप कोरडा असेल, तर तो तेल ओढतच नाही, आणि बेअरिंग दोन मिनिटांत जातात. पंपाचं झाकण उघड, गिअरांच्या फटी पेट्रोलियम जेलीने गच्च भर आणि बंद कर. ग्रीस मुळीच नको. जेली तेलात विरघळते, ग्रीस तेलवाहिन्यांत अडकतं. मग डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या भोकातून लांब दांडा घाल आणि ड्रिलने पंप घड्याळाच्या दिशेने फिरव. आधी ड्रिल हलकं फिरतं, काही क्षणांत एकदम जड होतं. हाताला तो जडपणा जाणवला की तेल चढलं. गेज हललेला बघ, रॉकरवर तेल आलेलं बघ, मगच डिस्ट्रिब्युटर बसव. टायमिंग सुरुवातीला ६ ते ८ अंश आधी ठेव.

नवा कॅम असेल तर सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० फेऱ्यांवर २० मिनिटं चालव, आयडलवर सोडू नकोस. आयडलला कॅमवर तेल कमी उडतं आणि नवा लोब पहिल्याच दिवशी खरडतो. म्हणून कूलंट, पंखे, पेट्रोल आधी तपासलेलं असू दे. तेल २०डब्ल्यू-५०, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. अँटीफ्रीझ निम्मं, वर्षभर. पेट्रोलच्या नळ्या आर-९ दर्जाच्या, कारण आता पंपावर ई-१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडतं.

गरम झाल्यावर २४०० फेऱ्यांना ३० ते ४० पीएसआय दाब दिसेल. तुला एमजीबीच्या साठ पीएसआयची सवय आहे, घाबरून चेंबर उघडू नकोस. या इंजिनाला तेवढाच असतो.

इंजिन ठरवण्याआधी मला चेंबरच्या तळापासून क्रॉसमेंबरपर्यंतचं (इंजिनाखालच्या आडव्या तुळईपर्यंतचं) माप आणि तेलाचा फिल्टर कुठे लटकतो त्याचा फोटो पाठव. फिल्टर खाली अडकत असेल तर तो बाहेर मडगार्डावर न्यावा लागेल आणि त्याच्या नळ्या आधीच मागवाव्या लागतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश