आजीच्या रुमालासाठी मनःपूर्वक आभार

गेल्या आठवड्यात आर्वी-वर्धा एसटीत आमची कापडी पिशवी राहून गेली होती. ती बसस्थानकावर जमा करून नाव न सांगताच निघून गेलेल्या ताईंचे आमचे सारे कुटुंब मनापासून आभार मानते. पिशवीत पैसे नव्हते, मांजरपाटाचा एक रुमाल होता, आणि तो आम्हाला सोन्याहून मोलाचा आहे.

25 जून 1975 रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि पुढे आजोबांना ‘मिसा’खाली नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात स्थानबद्ध करण्यात आले. या कायद्याने खटला न चालवताच माणसाला डांबून ठेवता येत असल्यामुळे सुटका कधी होईल, हे कोणीच सांगू शकत नव्हते. त्या दिवसांत आजीने कंदिलाच्या उजेडात हा रुमाल भरला. कडेने हिरवी साखळी, मधोमध कपाशीचे फुटलेले बोंड आणि कोपऱ्यात आजोबांचे नाव. त्या नावातील एक वेलांटी अर्धीच आहे, कारण मार्च 1977 मध्ये आजोबा दारात उभे राहिले तेव्हा तिने खाली ठेवलेली सुई पुन्हा उचललीच नाही.

याच निमित्ताने एक जुने ऋणही मान्य करायचे आहे. आमच्या घराशी संबंध ठेवायला लोक भीत असताना, 1976 च्या पावसाळ्यात पहाटेच आमच्या वावरात डवरणी करून जाणारे आणि ओट्यावर ज्वारी ठेवून जाणारे कोण होते, हे आजीला अखेरपर्यंत कळले नाही. त्यांनी किंवा त्यांच्या मुलानातवंडांनी हे आभार आपलेही समजावेत, ही नम्र विनंती.