खेकड्यावर हसलो, गळतीची वही मागायची राहिली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खडकवासला धरणातून विसर्ग, म्हणजे नदीत सोडलेले पाणी, वाढला की थोड्याच वेळात पुण्यातला मुठेवरचा बाबा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो मोबाइलवर येतो आणि त्याखाली ‘पुण्यात पावसाळा अधिकृतपणे सुरू’ अशी एखादी ओळ असते. या विनोदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पूल बुटका, पात्राला जवळजवळ टेकलेला. तो दिसेनासा झाला म्हणजे नदीपात्रातला रस्ता बंद, तिथे लावलेल्या गाड्या आणि हातगाड्या काढायला हव्यात, एवढी खबर त्या एका ओळीने घराघरांत पोचते. हसता हसता लोक सावध होतात.

तक्रार आहे ती पाणी ओसरल्यानंतरच्या आठ दिवसांबद्दल. तेव्हा विनोद आणि राजकीय आरोप दोघेही एकाच गोष्टीला चिकटतात: कुणाच्या तरी तोंडून निसटलेले वाक्य, नाहीतर कुणाचा तरी चेहरा. तपासणीच्या, विसर्गाच्या, निरोपांच्या ज्या नोंदवहीत खरे उत्तर असते, ती वही मात्र कुणी मागत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास माणसे गेली. तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी भराव, म्हणजे धरणाची मातीची भिंत, पोखरल्याचे कारण सांगितले आणि त्या दिवसापासून महाराष्ट्रात खेकडाच गाजला. व्यंगचित्रे निघाली, विरोधकांनी खेकडे घेऊन पोलीस ठाणे गाठले. संताप योग्यच होता. पण ‘खेकडा कधी धरण फोडतो का?’ म्हणून आपण हसलो आणि तिथेच फसलो. मातीच्या धरणात खेकडे, उंदीर, घुशी बिळे करतातच. भरावाची देखभाल करणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आणि म्हणून तर दर वर्षी पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर तपासणी ठरलेली असते. खेकड्याचे कारण पुढे करणाऱ्याला विचारायला हवे होते ते असे: बिळे कोणत्या तारखेला दिसली, वहीत कुणी लिहिली, कधी बुजवली? खेकडा खरा धरला तरी उत्तर द्यावेच लागले असते. खोटा धरला आणि हसून मोकळे झालो, तेव्हा उत्तर देण्याची गरजच उरली नाही. गळती होत असल्याची तक्रार तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. त्या तक्रारीवर कुणी चुटका केला नाही आणि ती कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

ही तपासणी म्हणजे काय असते, हे एकदा नीट सांगायला हवे, कारण ते कळले की आरोप कुठे ठेवायचा तेही कळते. भरावाच्या खालच्या अंगाने, पायथ्याच्या चरीने आणि विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाच्या, दोन्ही बाजूंनी पायी फिरायचे. गवत आधी कापलेले हवे, नाहीतर ओल दिसतच नाही. भरावावर वाढलेले झाड नुसते तोडून चालत नाही. मुळे आत कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. ती खणून काढून खड्डा मातीच्या पातळ थरांनी, प्रत्येक थर धुमसून भरावा लागतो. बिळालाही तोच उपाय. ओला डाग दिसला तर त्याच्या कडेने खुंट्या मारायच्या आणि पुढच्या फेरीत डाग खुंट्यांबाहेर सरकला का ते बघायचे. झिरपणारे पाणी काचेच्या बाटलीत धरून उजेडासमोर न्यायचे. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणारच. नितळ असेल तर ते मोजत राहायचे. गढूळ असेल, बाटलीच्या तळाशी बारीक माती बसत असेल, तर भराव आतून वाहून चालला आहे आणि हातात थोडेच तास आहेत. अशा वेळी घाबरून तिथे चिखल थापला तर पाणी शेजारून फुटते. आधी वाळू, त्यावर बारीक खडी, मग मोठी खडी आणि वर दगड, असे थर टाकतात. त्यातून पाणी बाहेर येते, माती मागे राहते. मग खालच्या गावाला उठवायचे. यातल्या प्रत्येक कामाला तारीख असते आणि सही असते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांना पावसाळ्याआधीची व नंतरची अशा दोन्ही तपासण्या आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे.

पुण्याला हे कुणी नव्याने सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा धरण मातीचे होते, विमोचकाचे काम पुरे झालेले नव्हते, भराव खचत होता आणि जवान वाळूची पोती रचत होते. जुन्या पुण्यात काही ठिकाणी त्या पाण्याची खूण अजून भिंतीवर आहे.

आता आपल्या अलीकडच्या पुराकडे येतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकवर, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांवर, गेला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी घुसले. ‘स्मार्ट सिटीत बोटिंग’ म्हणून चित्रे फिरली आणि दुपारपर्यंत ‘आधीच धरण रिकामे का केले नाही?’ हा प्रश्न प्रत्येक पक्षाच्या तोंडी होता. प्रश्न रास्त आहे, पण तो आकड्यांत विचारला तरच त्याला धार येते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून २९.१५ टीएमसी साठा. त्यात खडकवासल्याचा वाटा फक्त १.९७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. सेकंदाला ३५ हजार घनफूट येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, असेल तर एक टीएमसी, खडकवासल्याची साधारण निम्मी जागा, आठ तासांत भरते. म्हणजे खडकवासला निम्मे मोकळे ठेवले असते तरी पूर टळला नसता, पण सात-आठ तास हाताशी आले असते. मला हे आठ तास फार मोठे वाटतात. तेवढ्यात रात्र सरते, उजाडल्यावर म्हातारी माणसे जिना उतरून बाहेर पडू शकतात, तळमजल्यावरचा फ्रिज आणि पोरांची दप्तरे वर नेता येतात. तेव्हा विचारायचे ते हे: २४ तारखेच्या संध्याकाळी पातळी किती होती, येवा किती होता, आणि जलाशय परिचालन सूचीप्रमाणे त्या तारखेला किती असायला हवी होती? कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचे हे सांगणारी ही सूची आधीच ठरलेली असते. धरण लवकर रिकामे केले आणि पाऊस थांबला तर उन्हाळ्यात पाणीकपात होते आणि मग त्याच माणसांवर उलटे विनोद होतात. हा झगडा आयत्या वेळी भावनेने सुटू नये यासाठीच तर ती सूची आहे.

निरोपाचेही तसेच. विसर्ग वाढवल्याचे कळवले होते, असे एक यंत्रणा म्हणते. आम्हाला वेळेवर कळले नाही, असे दुसरी म्हणते. २०२४ मध्ये हेच झाले. निरोप धाडल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि तिसरा रकाना भोंग्याची गाडी सोसायटीच्या फाटकाशी पोचल्याच्या वेळेचा आहे. नदीचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर पंधरा किलोमीटर यायला पाण्याला दोन तास लागतात. तिन्ही वेळा या दोन तासांशी ताडून पाहिल्या की दोष कुठे राहिला ते सहज दिसते.

त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. बोटिंगची चित्रे फिरत होती ती याच सकाळी. त्या भागातला वीजपुरवठा किती वाजता बंद केला, कुणाच्या सांगण्यावरून केला आणि पाणी कोणत्या पातळीला आले की तो बंद करायचा असे ठरले होते, हे विचारायला धरणाचे ज्ञान लागत नाही. हे विचारले गेले पाहिजे आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारले गेले पाहिजे.

‘नगरसेवक कुठे गायब झाले?’ हाही एक लाडका टोमणा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. २०२४ च्या पुरात पुण्याला एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती होता. टोमणा रिकाम्या खुर्चीला बसला आणि ज्या कागदावरच्या सहीने कामे होत होती तो कागद बाजूलाच राहिला.

दुसरा टोमणा मला अधिक लागतो: ‘नदीत घर घेतले तर दुसरे काय होणार?’ निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. एखाद्या इमारतीला बांधकाम परवानगी कोणत्या तारखेला मिळाली, ती रेषा आखण्याआधी की नंतर, आणि नंतर मिळाली असेल तर सही कुणाची, हे बघितल्याशिवाय घर घेणाऱ्याला हसणे हा अन्याय आहे. गाळ उपसताना तिथली माणसे स्वतःच विनोद करतात, ती गोष्ट वेगळी. त्यांना तो धीर देतो. चौथ्या मजल्यावरच्या कोरड्या गॅलरीतून केलेला तोच विनोद कुणालाच धीर देत नाही.

राज्यापलीकडे बोट दाखवण्याचीही सवय आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा सगळा राग कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर निघाला. पुढच्या वर्षी, त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालाने अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही. तोवर आरोप करून झाले होते आणि अहवाल वाचायला फारसे कुणी थांबले नाही. २०१९ मध्येच २५ सप्टेंबरच्या रात्री आपल्याकडे आंबिल ओढ्याने टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर झोडपले. ते पाणी कात्रजच्या बाजूने आले, खडकवासल्याचा त्यात संबंध नव्हता. तिथे बोलायला हवे ते ओढ्याची रुंदी, मोऱ्या आणि सीमाभिंती यांच्याबद्दल.

एका विनोदाला मात्र माझा साफ विरोध आहे: ‘धरण फुटलं, पळा.’ विसर्ग आणि फुटणे यांतला फरक अंधारात, आजारी माणूस घरात असताना कुणी समजून घेत बसत नाही. खोटी धोक्याची सूचना पसरवून घबराट निर्माण करणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. असा संदेश पुढे ढकलण्याआधी त्यात वेळ आणि क्युसेक आहेत का एवढेच बघावे. नसतील तर पुढे धाडू नये.

वही मागणे अवघड नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून सगळा संताप एका अर्जात कोंबू नये, तो परत येतो. एक अर्ज जलसंपदाकडे: अमुक ४८ तासांतली तासागणिक पातळी, येवा, विसर्ग, दरवाजे किती उघडले आणि प्रत्येक आदेशाची वेळ. दुसरा महापालिकेकडे: त्याच ४८ तासांतली आपत्ती कक्षाची नोंदवही. तिसरा वीज कंपनीकडे: त्या भागातला पुरवठा बंद-चालू केल्याच्या वेळा. ‘का केले’ असे विचारू नये, उत्तर मिळत नाही. ‘नोंदीची प्रत द्या’ असे लिहावे. उत्तर आले नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांनी भिंतीवरची गाळाची रेघ चुना मारण्याआधी पेन्सिलीने आखून ठेवावी, शेजारी तारीख लिहावी आणि जमिनीपासून टेपने मोजून फोटो काढावा. पंचनाम्याला आणि पूररेषेच्या वादाला, दोन्हीकडे ती उपयोगी पडते.

आपल्याकडे एक विनंती. पुराच्या दिवसांत आपले व्यंगचित्र जरूर छापा, त्याच्या शेजारी एक छोटी चौकटही छापा. आदल्या संध्याकाळची पातळी, विसर्ग वाढवल्याच्या वेळा आणि आकडे, निरोप धाडल्याची वेळ, निरोप मिळाल्याची वेळ, भोंगा फिरल्याची वेळ, वीज तोडल्याची वेळ. ज्या रकान्याची माहिती मिळणार नाही तो कोरा छापावा, आणि भरेपर्यंत रोज छापत राहावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे