मोहाच्या दारूला हातभट्टीच्या रांगेतून बाहेर काढा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी आवडत्या मद्यांविषयी लिहिलेला मजकूर आवडीने वाचला. स्कॉच, नाशिकची वाइन, गोव्याची फेणी, आमच्या वाळूजच्या कारखान्यांत तयार होणारी बिअर अशा सर्वांना त्यात जागा मिळाली. मात्र मराठवाड्याच्याच किनवट-माहूर भागातील मोहाच्या दारूचा साधा उल्लेखही नव्हता. किनवट तालुक्यात अठरा वर्षे शिक्षकी केलेला आणि क्वचितच, पण चवीने घेणारा माणूस म्हणून मला ही उणीव खटकली, कारण माझ्या आवडीचे पेय तेच आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि उजाडण्याआधी गोंड, कोलाम कुटुंबे टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. ताजे फूल तळहातावर घेतले तर फिकट पिवळे, रसाने टचटचीत भरलेले असते. उन्हात वाळले की मनुक्यासारखे तांबूस होते. वाळलेली फुले पाण्यात भिजत घातली की स्वतःच्याच साखरेने काही दिवसांत आंबतात आणि मग मंद आचेवर त्यांची वाफ धरून दारू उतरवतात. शेजारच्या कोलाम आजोबांनी पळसाच्या द्रोणात मला ती प्रथम दिली, तेव्हा आधी चार थेंब त्यांनी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडले. घशाला जाळ लागेल या भीतीने मी घोट घेतला होता, पण आधी फुलांचा गोडसर वास आला, मग किंचित धुराचा, आणि तो बराच वेळ जिभेवर राहिला.

हे पेय आपल्याकडे सरसकट हातभट्टीत जमा केले जाते. सडका गूळ आणि नवसागर घालून गाळलेली दारू वेगळी आणि मोहाची वेगळी, हे गावातली माणसे वासावरून सांगतात. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक जीव घेतले, त्यामुळे शासनाची कठोरता मला समजते. घरगुती दारूही तपासणीविना विकली जावी, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु तपासणी करायची तर आधी तिला कायद्यात मानाची जागा हवी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा दिला. तसेच धोरण महाराष्ट्राने आखावे, आदिवासी बचत गटांना परवाने द्यावेत आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण छापावे.

मराठवाड्याच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. आंबवण्याला पाणी मोहालाही लागते, पण जंगलातल्या त्या झाडाला ना कालव्याचे पाणी लागते ना उसासारखे सिंचन.

येत्या मार्चमध्ये फुले गळू लागली की आपल्या प्रतिनिधीने एका पहाटे किनवटच्या रानात यावे आणि पुरवणीच्या पुढच्या अंकात मोहाविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, नांदेड