मादाम, तुम्ही जिन्यात थांबलात त्याबद्दल

मादाम,
मराठीत लिहितेय कारण आईलाही वाचायचंय, तुम्हाला फ्रेंचमध्ये मी समोर बसून सांगेन.

आई येवल्याहून पहिल्यांदा इथे फ्रान्समध्ये, लिओंला आली आणि मला सुट्टी नव्हती म्हणून तिला एका टूरमध्ये पाठवलं. जुन्या शहरात, साँ-जाँच्या गल्ल्यांत, तो गाईड इतका पळत होता की आई मागेच राहिली आणि त्याने एकदा वळूनही बघितलं नाही. फोन केला तर म्हणे गुडघे दुखतात तर यायचं कशाला! अजून आठवलं की तिडीक जाते डोक्यात. आई म्हणाली, बाळा, झालं माझं शहर बघून, आता घरीच बसते.

हे ऐकून तुम्ही, नुसत्या शेजारच्या, तीन रविवार आम्हाला दिलेत. साँ-जाँलाच परत नेलंत. तिथे साध्या दिसणाऱ्या दाराचं बटण दाबलं की आतून अख्खा बोळ निघतो, त्राबूल, एका रस्त्यावरून शिरायचं आणि घरांच्या पोटातून दुसऱ्या रस्त्यावर निघायचं, आई तर लहान मुलीसारखी खूश. फुर्व्हिएरला फ्युनिक्युलरने वर, रोमन थिएटरच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. ऱ्होन नदी ओलांडून गियोतिएर भागात कोथिंबीर मिळाली तेव्हा तर आईला हे शहर एकदम आपलं वाटायला लागलं.

पण क्रुआ-रूस! फुर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि ही राबणारी, असं तुम्ही म्हणालात, आणि रेशीम विणणाऱ्या कान्यू लोकांची ती घरं दाखवलीत, छत चार मीटर उंच, कारण माग उभा राहायला हवा. चौकात जॅकार्डचा पुतळा. नाव ऐकून आई थबकलीच. आजोबांच्या पैठणीच्या मागावर जेकार्ड होतं, नक्षी विणायचं यंत्र, लहानपणापासून तोंडात असलेला शब्द, तो कुणा माणसाचं नाव आहे हे तिला सत्तराव्या वर्षी कळलं. १८३१ मध्ये हेच विणकर मजुरीसाठी रस्त्यावर उतरले हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईने नुसती मान हलवली, तिला ते समजावून सांगायची गरजच नव्हती.

मग तिथल्याच कूर दे व्होरास या जुन्या वाड्याचा तो मोठा दगडी जिना. उतरताना आईचे गुडघे जास्त दुखतात. तुम्ही प्रत्येक वळणावर कठड्याला हात लावून थांबायचात, कधी पर्समध्ये चष्मा शोधायचात, कधी वरची खिडकी दाखवायचात. तिसऱ्या वळणावर आई हळूच म्हणाली, "अगं, चष्मा तर त्यांच्या गळ्यातच आहे. माझ्यासाठी थांबतायत त्या." मला तिथेच रडू आलं. एखाद्याला दुखतंय हे त्याला जाणवूही न देता सांभाळून घेणं, एवढा चांगुलपणा कुठून आणता हो तुम्ही? असं एक माणूस जरी शेजारी असलं ना, परक्या गावात जीव लागतो.

आई परत गेलीये. तिने आजोबांचा धोटा पाठवलाय तुमच्यासाठी, लाकूड हाताने घासून घासून गुळगुळीत झालेला. रविवारी घेऊन येते. चारला असाल ना घरी?