कार-टी : पिशवीत टी पेशीच नसतील तर?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील कार-टी उपचारावरच्या (रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कर्करोगाविरुद्ध तयार करून परत देण्याच्या) लेखात ‘रक्त घ्यायचे, पेशी वाढवायच्या, परत सोडायच्या’ एवढ्यात सगळी तयारी उरकली आहे. हे वाक्य एखाद्या रुग्णाला महागात पडेल.

बाटलीभर रक्त काढून भागत नाही. अफेरेसिस यंत्रातून तीन-चार तास रक्त फिरवून पांढऱ्या पेशी बाजूला काढतात, बाकीचे रक्त परत जाते. गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटने कॅल्शियम उतरते, ओठांभोवती मुंग्या येतात. तेव्हा लगेच सांगावे. पण खरा घोळ त्याआधीच्या आठवड्यात होतो. ताप आला, गाठी वाढल्या म्हणून कुणीतरी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करते आणि लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) कोसळतात. मग प्रयोगशाळेने वाढवायचे काय? स्टेरॉइड किती दिवस आधी थांबवायचे हे पेशी गोळा करणाऱ्या केंद्राला विचारूनच ठरवावे. केमोच्या फेऱ्यांनी टी पेशी थकण्याआधी रुग्णाला तिथे पाठवावे. लेखात यातले अवाक्षर नाही.

‘वाढवायच्या’ म्हणजे तरी काय? आधी टी पेशी निवडून घ्यायच्या, त्यांच्या अंगावरच्या सीडी3 आणि सीडी28 या प्रथिनांमार्फत जाग्या करायच्या, लेंटिव्हायरस या वाहक विषाणूने कर्करोगाची पेशी ओळखणाऱ्या ग्राहीचा नवा जनुक आत घालायचा, वाढवणे त्यानंतर. निवड कच्ची राहिली तर काय होते, ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडले आहे. ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) एकच बी पेशी तयारीत राहून गेली आणि तिच्यातही तोच जनुक शिरला. त्यातून उगवलेल्या ग्राहीने तिच्या स्वतःच्या अंगावरचे सीडी19, म्हणजे टी पेशींना तिची ओळख पटवणारे प्रथिन, झाकून टाकले, त्यामुळे टी पेशींना ती ओळखता येईना. नऊ महिन्यांनी आजार उलटला, रुग्ण दगावला. एका पेशीपायी!

‘परत सोडायच्या’ हेही सलाईन लावण्याइतके सरळ नाही. गोठवलेल्या पेशींची पिशवी 37 अंशांवर वितळली की तिच्यातले डीएमएसओ (गोठवताना पेशी जपणारे रसायन) पेशींना बाधू लागते, म्हणून नाव आणि क्रमांक दोघांनी जुळवल्याशिवाय ती वितळवायचीच नाही. रक्त देण्याच्या सवयीने पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावला, तर सगळे औषध फिल्टरमध्येच राहते.

शिवाय लेखाबरोबर चित्र छापले ते लाल रक्तपेशींचे. या उपचारात त्यांचा काही संबंध नाही.

निदान स्टेरॉइडबाबतची सूचना तरी उद्याच्या अंकात ठळक छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नवी मुंबई