घड दिसत नाही तेव्हाची लाईट

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

सोनाका, शरद सीडलेस हे वाण ज्या नान्नजच्या शिवारात निघाले, त्याच पट्ट्यातला मी द्राक्ष बागायतदार. आमच्याकडे पाहुणे येतात ते फेब्रुवारीत, घड लटकलेले असताना. मे महिन्यात कुणी फिरकत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनं (जुन्या काड्या पार कापतात ती) बाग बोडकी झालेली, उघडे ओलांडे (वेलीचे मांडवावरचे जाड हात) आणि सोलापूरचं 43-44 अंशांचं ऊन. पण साहेब, पुढच्या हंगामाचा माल ठरतो तो याच दिवसांत. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे पुढं कोंब फुटतो त्या जागी, घड धरतो. बाहेरून काही दिसत नाही.

त्याआधी डोळे एकसारखे फुटायला हवेत, म्हणून ऊन तापलं की ओलांडे भिजवायचे, दिवसातून दोन-तीनदा. हे काम रात्री दोनला करून काय उपयोग? आमच्या फीडरला (शिवाराच्या वीजवाहिनीला) मात्र थ्री फेज लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीचीच. पुढे घड धरताना पाणी मोजून द्यावं लागतं. जास्त झालं की शेंडा पळतो, कमी पडलं की काडी बारीक राहते. तासात चारदा लाईट गेल्यावर ठिबकनं किती पाणी पडलं, याचा हिशेब कसा लावायचा? ऑटो लावा म्हणतात, लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा. लावला होता, कमी दाबानं मोटर जळाली.

गेल्या सप्टेंबरात काड्या प्रयोगशाळेत तपासायला दिल्या. तिथल्या पोरानं ब्लेडनं डोळा उभा कापला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि म्हणाला, बघा काका. घडाच्या जागी बाळी, म्हणजे वेलीचा आधाराला धरायचा नुसता तंतू. दहा डोळ्यांत घड चारच. सगळं खापर लाईटवर फोडत नाही, उन्हाचाही वाटा आहेच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे, हे ठाऊक आहे. ती आमच्या शिवारात पोचेपर्यंत एवढं करा: 15 एप्रिल ते 15 जून द्राक्षपट्ट्यातल्या फीडरांना दिवसाची पाळी द्या. बदल्यात जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही रात्रीची घेऊ, कुरकुर न करता.

पाहणीला यायचं झालं तर मेमध्ये या, दुपारी दोनला. टोपी आणा, बागेत सावली नसते.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, उत्तर सोलापूर