‘डिओडँड’चा अर्थ अर्ध्यावरच सुटला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजीतील कालबाह्य शब्दांवर जो लेख आला आहे, त्यात ‘डिओडँड’ या शब्दाची बोळवण ‘देवाला अर्पण केलेली वस्तू’ एवढ्यावर केलेली आहे. ‘देवाला द्यावयाचे’ या लॅटिन शब्दप्रयोगावरून तो आला हे खरे. पण एवढेच वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नैवेद्य किंवा नवसाचा बोकड येईल, आणि हा शब्द जिथे सहाशेहून अधिक वर्षे वावरला, ती इंग्लंडमधील अपमृत्यूची चौकशी मात्र येणार नाही.

एखादा माणूस अपघाताने मेला की ज्या वस्तूमुळे वा जनावरामुळे तो मेला, त्याची किंमत कॉरोनरसमोरील (म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोरील) नागरिकांची ज्यूरी ठरवी आणि मालकाला तेवढी रक्कम किंवा ती वस्तूच सरकारजमा करावी लागे. मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच नसे. हा पैसा मृताच्या आत्म्यासाठी दानधर्मात खर्च व्हावा, अशी मूळ कल्पना होती. पुढे तो राजाच्या खजिन्यात, किंवा राजाने हा हक्क ज्याला बहाल केला असेल त्या जमीनदाराच्या पदरात पडू लागला.

यातले बारकावे 18व्या शतकातील विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टोन यांनी नोंदवले आहेत. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना कोणी पडून मेला, तर डिओडँड फक्त ते चाक. पण चालत्या गाडीखाली सापडला, तर चाकासकट गाडी आणि तिच्यातला मालही. भर समुद्रातल्या अपघाताला हा नियम नव्हता, नदीतल्या नावेला मात्र होता. ज्यूरीतली माणसेही अशा मालकांचेच शेजारीपाजारी असल्यामुळे की काय, पण एखादा किरकोळ भागच मृत्यूला कारण ठरवून ती किंमत कमी धरीत.

आगगाडी आल्यावर हे चित्र पालटले. 24 डिसेंबर 1841 रोजी रेडिंगजवळ सॉनिंग येथे पावसाने ढासळलेल्या दरडीवर ग्रेट वेस्टर्न कंपनीची गाडी आदळली. इंजिन आणि मालाचे डबे यांच्यामध्ये जोडलेल्या उघड्या डब्यांतले तिसऱ्या वर्गाचे प्रवासी चिरडले गेले. जागीच आठ जण मेले. ज्यूरीने इंजिन व डब्यांवर 1000 पौंडांचा डिओडँड बसवला. यातला एक पेनीही कायद्याने मृतांच्या बायकामुलांचा नव्हता. शिवाय माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येत नाही, असा 1808 सालचा निवाडा वारसांच्या आड येतच होता. माझ्या मते शब्दाचा खरा अर्थ इथे उघडा पडतो: नाव देवाचे, धन दुसऱ्याचेच.

1846 साली पार्लमेंटने डिओडँड रद्द केला आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्याने वारसांना भरपाईचा हक्क दिला. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, 1855 साली, त्याच धर्तीचा प्राणांतिक अपघात कायदा हिंदुस्थानात आला. म्हणजे या शब्दाच्या जागी जे आले, ते आपल्याही वाट्याला आले.

आपल्या पोलीस ठाण्यांच्या आवारात हँडलला गुन्हा क्रमांकाची चिठ्ठी बांधलेल्या दुचाक्या गंजत उभ्या असतात, त्यांना मात्र कोणी डिओडँड समजू नये. तो पुराव्याचा मुद्देमाल असतो आणि न्यायालयाच्या आदेशाने मालकाला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळू शकतो.

लेखात हा शब्द ‘पूर्णपणे मृत’ म्हटला आहे, तेही पटत नाही. भाड्याने दिलेल्या नौकेवर गांजा सापडल्यामुळे, मालक अनभिज्ञ असूनही ती जप्त झाली, त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली जप्तीच्या परंपरेचा माग काढताना डिओडँडचाच दाखला दिला होता. या लेखमालेचे पुस्तक होणार असल्यास या शब्दाखाली निदान कॉरोनर, ज्यूरी आणि 1846 हे तीन उल्लेख यावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा